चारशे पानांचे गाईड आणि एक 'श्री'

मिरजेहून आलेल्या एका पत्राचा सारांश असा: "मी ५२ वर्षांचा पेंटर आहे. तीस वर्षे दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे आणि मंदिरांच्या कमानी रंगवल्या. आता बरेचसे काम फ्लेक्स आणि रेडियम कटिंगकडे गेले आहे. मुलीने घरच्या लॅपटॉपवर इंकस्केप हा चित्रे-अक्षरे काढायचा मोफत प्रोग्राम टाकून दिला आणि त्याचे इंग्रजी रेफरन्स गाईडही उतरवून घेतले. झेरॉक्सच्या दुकानातून ते छापून स्पायरल करून आणले, तर चारशे पाने झाली. रोज रात्री दोन पाने वाचतो आणि वहीत टिपणे काढतो. दोन महिन्यांत ११२ पाने झाली, पण अजून स्वतःच्या वळणाचा एक 'श्री' काढता आलेला नाही. शिवाय गाईडात लिहिले आहे की मापाचे शून्य पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते. माझ्या पडद्यावर ते वरच्या कोपऱ्यात दिसते. माझे काही चुकते आहे का? गाईड पूर्ण वाचूनच हात लावावा का? रेडियमच्या दुकानातली मुले म्हणतात, काका, हे सोडा आणि कोरल शिका."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. गाईड पूर्ण वाचून मग हात लावायचा, हा क्रम आजच सोडून द्या. रेफरन्स गाईड लिहिणारा प्रोग्रामच्या रचनेचा क्रम धरतो. आधी खिडकीचे भाग, मग मापाच्या पट्ट्या, मग पानाचे आकार, मग फाइल साठवण्याचे प्रकार, असा तो एकेक कप्पा उघडत जातो आणि एकही कप्पा वगळायचा नाही ही त्याची जबाबदारी असते. ती त्याने नीट पार पाडली म्हणूनच ते पुस्तक चारशे पानांचे झाले आहे. पण पाटी रंगवणाऱ्याच्या कामाचा क्रम वेगळा असतो आणि त्याला लागणारी प्रकरणे अशा पुस्तकात बहुधा बरीच पुढे येतात. तुमची वही उघडून पाहा: ११२ पानांच्या टिपणांत 'पाथ' आणि 'नोड' हे शब्द दोन-चार वेळाच आले असतील, तर 'श्री' का निघाला नाही याचे कारण तुमच्या समोर आहे. वाचलेले वाया गेले असे मी मुळीच म्हणणार नाही. कोणती गोष्ट कुठे असते हे तुम्हाला आता ठाऊक झाले आहे आणि त्याचा उपयोग पुढे रोज होईल.

आता अनुक्रमणिकेतून तीन प्रकरणे शोधा: पाथ, नोड एडिटिंग, आणि फिल व स्ट्रोक. ही तीन प्रकरणे वाचायची नाहीत, गिरवायची आहेत. लॅपटॉप समोर उघडा ठेवून, एक परिच्छेद वाचला की तेवढे हाताने करून पाहायचे आणि जमल्याशिवाय पुढच्या परिच्छेदाकडे जायचे नाही. बाकीचे पुस्तक बाजूला राहू द्या. काम अडेल तेव्हा त्यातले नेमके पान काढता येईल.

ज्याला व्हेक्टर म्हणतात ते तुमच्या हाताला अपरिचित नाही. मोठे अक्षर भिंतीवर काढताना तुम्ही आधी बारीक ब्रशने त्याची कड बांधता आणि मग चपट्या ब्रशने आतला भाग भरता. इथेही तेवढेच आहे. कड म्हणजे पाथ, आत भरलेला रंग म्हणजे फिल, आणि कडेवरून वेगळ्या रंगाची रेघ फिरवली तर ती स्ट्रोक. फरक इतकाच की भिंतीवरची कड मनगटाच्या ओघाने उतरते आणि पडद्यावरची कड मोजक्या बिंदूंनी धरून ठेवावी लागते. त्या बिंदूंना नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोडमधून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दांड्यांना हँडल. दांडी ज्या दिशेला असेल त्या दिशेने वळण नोडमधून बाहेर पडते, आणि दांडी जितकी लांब तितके ते त्या दिशेला अधिक काळ रेंगाळते.

या वळणांचे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले आहे. १९५९ मध्ये सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्ज्यो यांनी ते मांडले होते, पण कंपनीने ते गुप्त ठेवले. पुढे १९६० च्या दशकात रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचे बाक आकड्यांत बांधण्यासाठी तीच रीत स्वतंत्रपणे वापरली आणि प्रसिद्ध केली, म्हणून वळणाला त्यांचे नाव मिळाले. १९८७ मध्ये आलेले इलस्ट्रेटर, १९८९ मध्ये आलेले कोरलड्रॉ (मुले म्हणतात ते कोरल) आणि २००३ पासूनचे इंकस्केप, या तिन्ही प्रोग्रामांच्या पोटात हेच बेझिए वळण आहे. कोरल शिकावे का, या तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते: नोड आणि हँडल एकदा हातात बसले की प्रोग्राम बदलला तरी ते ज्ञान तसेच्या तसे सोबत येते.

पहिल्या संध्याकाळी 'श्री'ला हात लावू नका. एक वर्तुळ काढा. 'ई' दाबून वर्तुळाचे अवजार घ्या आणि कंट्रोल दाबून कोपऱ्याकडे तिरके ओढा, म्हणजे ते लंबगोल होणार नाही. व्यास १०० मिलिमीटर करा. मग पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या आणि 'एन' दाबून नोडचे अवजार घ्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारच नोड दिसतील, आणि एकेक निवडला की त्याची हँडले बाहेर येतील. वरच्या आणि खालच्या नोडची हँडले अगदी आडवी असतील, बाजूच्या दोन नोडची अगदी उभी, आणि प्रत्येक हँडल त्रिज्येच्या ०.५५ पट, म्हणजे ५० मिलिमीटर त्रिज्येला सुमारे २७.६ मिलिमीटर लांबीचे असेल. आता एक हँडल थोडे आखडून पाहा, वर्तुळाचा खांदा बसतो. लांबवून पाहा, खांदा फुगतो. हे अर्धा तास करा. कमानीवर अर्धगोल उतरवताना दोऱ्याला खडू बांधून तो फिरवणाऱ्या माणसाला या खेळातून जे कळेल, ते कोणत्याही गाईडातल्या वर्णनाने कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी 'श्री' घ्या. तुम्हीच रंगवलेल्या एखाद्या कमानीवरचा 'श्री' निवडा आणि मोबाइल अक्षराच्या बरोबर समोर धरून फोटो काढा. खालून तिरका काढलात तर अक्षर वर निमुळते होईल. फाइल मेनूतून तो फोटो आत घ्या, त्याचा ठळकपणा चाळीस टक्क्यांवर आणा आणि तो लेअर, म्हणजे थर, कुलूपबंद करा. त्यावर नवा लेअर घेऊन 'बी' दाबा, म्हणजे पेन हातात येईल. आता वेलांटीकडे पाहा. तिला बाहेरची एक कड आहे आणि आतली एक. बाहेरची कड जिथे सर्वांत उंच जाते तिथे एक नोड, जिथे ती सर्वांत डावीकडे जाते तिथे दुसरा, आणि जिथे ती शिरोरेषेला टेकते तिथे तिसरा. उंचीवरच्या नोडची हँडले आडवी ओढायची, डावीकडच्या नोडची उभी; ओढताना कंट्रोल दाबून धरले की हँडल पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यांनी फिरते, त्यामुळे आडवे ते नेमके आडवेच राहते. आतली कड तशीच. सहा-सात नोडमध्ये वेलांटी पूर्ण व्हायला हवी. बारा लागले तर चूक झाली असे समजू नका, पण मग त्यातला एकेक नोड डिलीट करून पाहा आणि कोणता काढल्याने वळण बिघडत नाही ते शोधा. असे नोड बाहेर काढल्यावर अक्षर अधिक मोकळे दिसते. शच्या गाठीला आणि रकाराच्या तिरप्या रेघेला हाच नियम लावा: वळण जिथे दिशा बदलते तिथे नोड, मध्ये नाही.

फोटो देऊन अक्षराची कड आपोआप काढून देणारी 'ट्रेस बिटमॅप' नावाची सोय तुम्हाला कोणीतरी लवकरच दाखवील. अक्षरांसाठी ती वापरू नका, निदान पहिले काही महिने तरी नाही. भिंतीचा खडबडीतपणा, रंगाचा ओघळ, फोटोतली सावली, हे सगळे ती इमानाने नोडमध्ये उतरवते आणि एका वेलांटीवर शंभर नोड बसवते. पडद्यावर ते लांबून ठीक दिसते, पण प्लॉटरचे, म्हणजे रेडियम कापणाऱ्या यंत्राचे, पाते प्रत्येक नोडवर अडखळत जाते आणि रेडियमची कड करवतीच्या दातांसारखी होते. कंट्रोल आणि 'एल' दाबून नोड कमी करता येतात, पण तेव्हा कोणते वळण ठेवायचे हे प्रोग्राम ठरवतो. ते तुम्ही ठरवायला हवे, कारण तीस वर्षांचा डोळा तुमच्याकडे आहे.

शून्याच्या कोपऱ्याबद्दल तुमचे काहीही चुकलेले नाही. तुमचे गाईड जुन्या आवृत्तीचे आहे. मे २०२० मध्ये इंकस्केपची १.० ही आवृत्ती आली, तेव्हा शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या डाव्या कोपऱ्यात नेण्यात आले. म्हणून पहिले काम असे करा: हेल्प मेनूतून 'अबाउट इंकस्केप' उघडून तुमच्या प्रोग्रामची आवृत्ती पाहा, गाईडाच्या पहिल्या पानांवर ते कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे ते पाहा, आणि दोन्ही आकडे मुखपृष्ठावर ठळक लिहून ठेवा. पुढे कुठे मेळ बसला नाही तर स्वतःला दोष देण्याआधी त्या आकड्यांकडे नजर टाका. जुन्या गाईडात काही गोष्टी सापडणारच नाहीत. एका फाइलमध्ये अनेक पाने ठेवण्याची सोय २०२२ च्या १.२ आवृत्तीत आली आणि एकमेकांवर आलेल्या आकारांतले हवे ते भाग नुसते ओढून जोडण्याचे अवजार २०२३ च्या १.३ मध्ये. पाथ, नोड, फिल आणि स्ट्रोक यांबद्दल जुन्या गाईडात जे आहे ते मात्र आजही बहुतांशी जसेच्या तसे लागू पडते.

मापाची एक गोष्ट तुमच्या धंद्यासाठी लक्षात ठेवा. २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून इंकस्केपने एका इंचात ९० ऐवजी ९६ पिक्सेल मानायला सुरुवात केली. कोणी तुम्हाला त्याआधीची फाइल दिली आणि उघडताना विचारलेल्या प्रश्नाला घाईने उत्तर दिले गेले, तर १६ इंचांची पाटी १५ इंचांची होऊन बसते. कापायला देण्यापूर्वी वरच्या पट्टीत एकक मिलिमीटर किंवा इंच करून रुंदी आणि उंची वाचायची सवय लावा.

आता अशी गोष्ट सांगतो जी इंग्रजी गाईडात सहसा नसते, कारण इंग्रजी अक्षरांना शिरोरेषा नसते. समजा, तुम्ही फाँट वापरून 'मिरज' असा शब्द टाइप केला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट विनामूल्य मिळतो आणि इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या नीट बसतात. शब्द पडद्यावर एकसंध दिसतो. 'ऑब्जेक्ट टू पाथ' दिल्यावर तो अक्षरांच्या तुकड्यांत मोडतो, आणि प्रत्येक तुकड्याची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात किंचित शिरलेली असते. रंग भरलेला असेपर्यंत हे दिसत नाही. व्ह्यू मेनूतल्या 'डिस्प्ले मोड'मधून 'आउटलाइन' निवडून नुसत्या कडा दिसतील असा देखावा आणा, मग शिरोरेषेवर प्रत्येक जोडापाशी एक बारीक उभा चौकोन दिसेल. प्लॉटरला रंग कळत नाही, कडा कळतात. तो प्रत्येक चौकोन कापून काढतो.

मी स्वतः सुरुवातीला एका शाळेच्या नावाची फाइल अशीच कापायला दिली होती. आठ फूट लांबीचे रेडियम सोलायला घेतले तेव्हा शिरोरेषेचे तुकडे एकेक करून हातात आले, आणि ते सगळे पुन्हा स्वखर्चाने कापून द्यावे लागले. उपाय मिनिटाचा आहे: पाथ झाल्यावर शिफ्ट, कंट्रोल आणि 'जी' दाबून ग्रुप सोडा, सगळी अक्षरे निवडा आणि पाथ मेनूतून 'युनियन' द्या. सगळ्या शिरोरेषा मिळून एक होतात, आणि 'मि'पासून 'ज'पर्यंत कड अखंड फिरते. मात्र युनियननंतर ते अक्षर म्हणून दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी शब्दाची एक प्रत वेगळ्या लेअरवर ठेवा आणि ऱ्हस्व-दीर्घ गिऱ्हाइकाकडून तपासून घ्या. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे फाँटप्रमाणे बदलतात. निवडलेल्या फाँटमध्ये ती तुमच्या मनासारखी आहेत का तेही तेव्हाच पाहा. नसतील तर ती दोन अक्षरे स्वतः काढून बसवा, एवढे बळ तुमच्या हातात आहे.

तुमची वही चालूच राहू द्या, पण तिचा उपयोग बदला. गाईडातली वाक्ये उतरवण्याऐवजी प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर दुकानात त्याला काय म्हणतात ते लिहा आणि शेजारी पानाचा आकडा टाका. रेडियमची मुले 'फाइल कर्व्ह करून द्या' म्हणतात, तेव्हा तुमच्या गाईडात तो शब्द सापडणार नाही. तिथे त्याचे नाव 'ऑब्जेक्ट टू पाथ' आहे. त्यांचे 'वेल्ड' म्हणजे तुमचे 'युनियन', त्यांचे 'ट्रिम' म्हणजे साधारण तुमचे 'डिफरन्स', त्यांची 'आउटलाइन' म्हणजे तुमचा 'स्ट्रोक', आणि ते एफ-१० दाबून जे 'शेप टूल' घेतात ते तुमचे नोडचे अवजार. तुम्ही दोन महिने अडखळत होता त्याचे एक कारण हे शब्दांचे अंतर आहे असे मला पत्र वाचताना वाटले. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलीला शेजारी बसवा. तिने गाईडातला परिच्छेद वाचून मराठीत सांगावा आणि तुम्ही तो हाताने करावा. तिने माउस हातात घ्यायचा नाही, एवढी एकच अट ठेवा.

आणखी एक सोय तुमच्या प्रोग्राममध्येच आहे. हेल्प मेनूत 'ट्युटोरियल्स' आहेत, आणि त्यातला प्रत्येक धडा इंकस्केपमध्येच चित्राच्या फाइलसारखा उघडतो. धड्यातले चौकोन आणि वळणे तिथल्या तिथे ओढून, मोडून पाहता येतात. 'बेसिक' आणि 'ॲडव्हान्स्ड' हे दोन धडे तुमच्या छापील गाईडाच्या आधी करा. ते प्रोग्रामबरोबरच येत असल्यामुळे आवृत्तीचा घोळही तिथे बराच कमी असतो.

कोरलबद्दल उरलेले निम्मे उत्तर. ती मुले वाईट सल्ला देत नाहीत. त्यांच्या दुकानात रोजचे काम कोरलवर चालते आणि त्यांना तुमची फाइल आपल्या सवयीच्या रूपात हवी आहे. पण कोरलला पैसे पडतात, आणि कुलूप तोडलेली प्रत घेऊन धंद्याची सुरुवात करावी असे मी तुम्हाला कधीही सांगणार नाही. इंकस्केपमधून पाथ केलेली पीडीएफ दिली की दुकानाला ती कोरलमध्ये उघडता येते. अर्धा दिवस त्या दुकानात जाऊन बसा, तुमची फाइल उघडताना आणि कापताना पाहा, काय अडते ते वहीत लिहा. फ्लेक्सच्या रंगांची गोष्ट वेगळी आहे: पडद्यावरचा झगझगीत निळा आणि भगवा छपाईत उतरतोच असे नाही, त्यामुळे मोठ्या कामाआधी हातभर नमुना छापून घ्या. रेडियमला ती चिंता नाही, तिथे रंग रोलचा असतो. म्हणूनच तुम्ही रेडियमपासून सुरुवात करावी.

वयाचा उल्लेख तुम्ही केला आहे, पण मला त्यात अडचण दिसत नाही. अडचण दिसते ती वेगळ्याच ठिकाणी: तुम्ही गाईडासमोर विद्यार्थी म्हणून बसला आहात. त्या चारशे पानांत जे आहे ते रेडियमच्या मुलांना निम्म्याहून अधिक येते, आणि तरीही त्यांच्या पाट्या एकसारख्या दिसतात, कारण सगळ्यांकडे तेच दहा फाँट आहेत. तुमचा 'श्री' त्यांच्यापैकी कोणाच्याही लॅपटॉपवर नाही. गाईडाकडे जाताना हातात तो 'श्री' घेऊन जा आणि त्याला विचारा, ही वेलांटी तुझ्यात कशी बसवू.

'श्री' पूर्ण झाला की लगेच रेडियमला देऊ नका. कापायच्या मापात तो साध्या कागदावर छापून घ्या. एका पानात बसत नसेल तर दोन-तीन पाने चिकटवून जोडा. तो दारावर लावून रस्त्यापलीकडे जा आणि तिथून पाहा. वेलांटी जड वाटली किंवा रकाराची रेघ बारीक वाटली तर तिथेच कागदावर पेन्सिलीने खूण करा, घरी येऊन तेवढेच नोड हलवा आणि पुन्हा छापा. दोन-तीन फेऱ्यांत ते बसेल. मग पीडीएफ करा, फाइलच्या नावातच रुंदी आणि उंची इंचांत लिहा, आणि कापायला पाठवा.